मुलाचा पक्का दात मुळासकट पडला तर पहिल्या तासात काय करायचं

सायकलवरून पडून किंवा बॉल लागून समोरचा दात मुळासकट बाहेर आला, तरी तो पुन्हा रुजू शकतो. पण मुळावर चिकटून आलेल्या जिवंत पेशी कोरड्या पडल्या की तासाभरात बहुतेक मरतात. म्हणून डेंटिस्ट शोधण्याच्या आधी दात सांभाळायचा.

त्याहीआधी मुलाकडे बघा. शुद्ध हरपली होती, उलट्या होताहेत, गुंगी येतेय किंवा जबडा नीट मिटत नाही, तर आधी मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा, नाहीतर १०८ ला फोन करा.

दात दुधाचा की पक्का? समोरचे पक्के दात साधारण ६ ते ८ व्या वर्षी येतात, दुधाच्या दातांपेक्षा बरेच मोठे असतात आणि नवे असताना त्यांची धार करवतीसारखी असते. दुधाचा दात परत बसवायचा नाही. हिरडीत वाढणाऱ्या पक्क्या दाताला त्याने इजा होते. डेंटिस्टला मात्र दाखवायचंच.

पक्का दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधाने हलकेच धुवा. दूध जवळ नसेल तर नळाच्या गार पाण्याखाली जेमतेम १० सेकंद. घासणं, साबण, डेटॉल, फडक्याने पुसणं यांतलं काहीही नको, कारण त्याने त्याच पेशी निघून जातात. मूल शांत असेल तर शेजारच्या दाताकडे बघून फुगीर बाजू ओठाकडे करा, दात खाचेत हळूच दाबा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा.

हात धजत नसेल तर गार दुधात बुडवून न्या. चितळे, कात्रज, कुठलीही साधी पिशवी चालेल, ताक नको. पाण्यात ठेवू नका, पेशी फुगून फुटतात. कागदात गुंडाळलेला दात तर वाटेतच वाळतो, आणि नेमकी हीच चूक सर्वांत जास्त होते.

निघताना फोनवर एवढं सांगा: वय, किती वाजता पडला, दात कशात ठेवलाय. पुण्यात बरेच दवाखाने दुपारी बंद असतात, म्हणून न विचारता निघू नका. दिवसा धनकवडीचं भारती विद्यापीठ, पिंपरीचं डी. वाय. पाटील किंवा कॅम्पातलं रंगूनवाला डेंटल कॉलेज यांपैकी जवळचं गाठा आणि लहान मुलांचा दंतविभाग विचारा. रात्री ससूनची किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी. धनुर्वाताच्या लशीची नोंद असलेलं कार्ड सोबत घ्या.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापड १० मिनिटं दाबून धरा. मधे मधे उचलून बघू नका. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, एका वेळी किलोमागे १५ मिग्रॅ. सिरप ५ मिलिमध्ये १२० आणि २५० मिग्रॅ अशा दोन ताकदींत मिळतं, तेव्हा लेबल वाचूनच मोजा: १६ किलोच्या मुलाला २४० मिग्रॅ, म्हणजे पहिलं १० मिलि, दुसरं जेमतेम ५. ॲस्पिरिन आणि लवंगेचं तेल मुलांना नको.

डेंटिस्ट दात पातळ तारेने शेजारच्या दातांना साधारण २ आठवडे बांधतात. तेवढे दिवस मऊ भात, खिचडी. ब्रश मऊ, पण रोज. मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर याच २ आठवड्यांत रूट कॅनाल सुरू करावं लागतं. दात घट्ट बसला, दुखत नाही म्हणून ते टाळलं तर मूळ विरघळत जातं.