ऊसतोडीला निघण्यापूर्वी मुलांची सोय कशी लावावी

बीड जिल्ह्यातील ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि साधारण मार्च-एप्रिलपर्यंत फडावर (तोडणीच्या उसाच्या शेतावर) राहतात. शाळा, अंगणवाडी आणि लसीकरण यांची घडी मात्र कुटुंब बारमाही एकाच गावी राहते असे धरून बसवलेली असल्यामुळे, मूल गावाबाहेर पडले की त्याचे हक्क कागदावर राहतात. म्हणून मुलाच्या सोयीचा विचार मुकादमाकडून (टोळी जमवणाऱ्या कंत्राटदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतानाच करावा.

शाळकरी मुलाला शक्यतो गावीच ठेवावे. शिक्षकांनी सप्टेंबरमध्ये घरोघर जाऊन स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी करावी व शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहाची (आईवडील तोडीला गेले असताना मुलांच्या गावीच राहण्या-जेवणाच्या सोयीची) मागणी वेळेत पाठवावी. मोठ्या मुलामुलींसाठी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी असलेल्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. मुलाला आजी-आजोबांकडे ठेवायचे असेल, तर त्यांच्याच्याने रोजचा स्वयंपाक आणि दुखणेखुपणे निभावेल का, हे आधी घरी जाऊन पाहावे.

मुलींच्या बाबतीत अधिक जपावे लागते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे कामाचे एक एकक, धरला जातो; दोघेही पहाटे फडात गेल्यावर कोपीत (फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत) तान्ह्या भावंडाला सांभाळायला दहा-अकरा वर्षांची मुलगीच उरते. अशा घरात नुसते ‘मुलीला शाळेत पाठवा’ म्हणणे व्यर्थ आहे; तान्ह्याला कोण सांभाळणार, हे ठरल्याशिवाय तिची शाळा टिकत नाही. वयात आलेल्या मुलीला मागे ठेवण्याच्या धास्तीने आईवडील तिच्या लग्नाची घाई करतात, तेथे वसतिगृहातील जागा हंगामापूर्वीच पक्की करून देणे हाच मला सर्वांत परिणामकारक उपाय वाटतो.

मूल सोबत जाणारच असेल, तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसरीकडच्या शाळेत शिक्षण चालू ठेवता यावे म्हणून मिळणारे कार्ड) घ्यावे व ते कारखान्याजवळच्या शाळेत दाखवावे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार 6 ते 14 वर्षांच्या मुलाला, दाखला यायला उशीर झाला तरी, सरकारी किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापकांनी टाळाटाळ केल्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा.

लहान मुलांसाठी माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ बाळगावे. मार्चमध्ये जन्मलेल्या बाळाला नऊ महिने डिसेंबरात, म्हणजे ऐन हंगामात, पूर्ण होतात आणि गोवर-रुबेलाचा पहिला डोस नेमका तेव्हाच चुकतो. अंगणवाडी सेविकेने पुढची तारीख आईला निघण्यापूर्वीच नीट समजावून सांगावी. फडावर पोहोचल्यावर जवळच्या अंगणवाडीत बाळाची, तसेच गरोदर किंवा स्तनदा आईची नोंद करावी, म्हणजे पोषण आहार तेथे मागता येतो.

‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेत धान्य कोणत्याही रास्त भाव दुकानातून उचलता येते, आणि काही धान्य गावी आजी-आजोबांनी व उरलेले फडाजवळ आईवडिलांनी घेण्याचीही सोय आहे. त्यासाठी प्रत्येकाचे आधार रेशनकार्डाला जोडलेले आहे का, हे गावच्या दुकानातच तपासून घ्यावे.