पाठ केलेली ओळ आणि मुलाखतीची दुसरी फेरी

कॅम्पसमधून निवड न झाल्याने पुण्यात कॉट बेसिसवर राहून ऑफ-कॅम्पस ड्राइव्हचे अर्ज भरत बसलेल्या मुलामुलींसाठी हे लिहीत आहे. अ‍ॅप्टिट्यूड, डेटा स्ट्रक्चर्स, डीबीएमएस, प्रोजेक्ट आणि शेवटी एचआर हा क्रम तुम्हाला ठाऊकच आहे. मला सांगायचे आहे ते एका ओळीविषयी, जी मी अगदी बरोबर लिहिली आणि तरीही जिच्यापायी परत आले.

हिंजवडीतील एका कंपनीची दुसरी फेरी होती. समोरच्या मॅडमनी कोरा कागद पुढे सरकवला आणि बायनरी सर्च, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत (अ‍ॅरेत) दर वेळी मधली जागा पाहून अर्धी यादी वगळत शोधायची रीत, लिहायला सांगितला. मी मनातल्या मनात हुश्श केले आणि चार मिनिटांत जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहून दिला. मधली जागा काढताना मी आधी हायमधून (शोधाच्या शेवटच्या जागेच्या क्रमांकातून) लो (पहिल्या जागेचा क्रमांक) वजा केला होता, त्याचे निम्मे केले होते आणि ते लोमध्ये मिळवले होते. मॅडमनी त्या ओळीखाली रेघ मारली आणि विचारले, ‘‘लो आणि हाय यांची सरळ बेरीज करून दोनाने का भागले नाही?’’ मी म्हणाले, ‘‘दोन्ही एकच आहे, मॅडम.’’ त्या म्हणाल्या, ‘‘एकच आहे, तर लांबची का लिहिली?’’ ज्या पीडीएफवरून मी ते पाठ केले होते तिच्यात ती तशी होती, एवढेच खरे उत्तर होते आणि ते देण्याचे धाडस मला झाले नाही.

आता हे सविस्तर सांगते, कारण त्या रात्री मला झोप लागली नव्हती. जावातील इंट, म्हणजे पूर्णांक ठेवण्याचा नेहमीचा प्रकार, ३२ बिटांचा असतो आणि त्यात जास्तीत जास्त २१४७४८३६४७, म्हणजे सुमारे २१४ कोटी, ही संख्या मावते. लो १५० कोटी आणि हाय २०० कोटी असेल, तर दोन्ही संख्या मर्यादेत आहेत, पण त्यांची ३५० कोटी ही बेरीज मर्यादेत नाही. जावा तेथे तक्रार करत नाही. बेरीज गुपचूप उलटून उणे ७९४९६७२९६ होते, तिचे निम्मेही ऋणच येते आणि अ‍ॅरेत नसलेली जागा मागितल्यामुळे प्रोग्रॅम कोसळतो. वजाबाकी आधी केली तर ५० कोटी, त्याचे निम्मे २५ कोटी आणि लोमध्ये मिळवून १७५ कोटी. कोणत्याही पायरीवर मर्यादा ओलांडली जात नाही. सरळ बेरीज करण्याची हीच चूक जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत (भाषेसोबत मिळणाऱ्या तयार कोडमध्ये) सुमारे नऊ वर्षे होती आणि तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये त्याविषयी जाहीरपणे लिहिले. तुम्ही पायथनमध्ये लिहीत असाल, तर तेथील पूर्णांकांना अशी मर्यादा नाही आणि तेवढे सांगितले तरी ते चांगले उत्तर ठरते.

पुढचा प्रश्न होता की, तीच संख्या अ‍ॅरेत अनेकदा असेल तर तिची पहिली जागा कशी शोधाल. सापडताक्षणी थांबायचे नाही, जागा टिपून ठेवायची आणि डावीकडे शोध चालू ठेवायचा, इतके ते सोपे आहे. पण तोवर मी पुरती गांगरले होते.

संध्याकाळी खोलीवर एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मैत्रिणीला, जिचा संगणकाशी संबंध अर्ज भरण्यापुरताच आहे, मी शब्दकोशात शब्द शोधण्याचे उदाहरण देऊन बायनरी सर्च समजावला. डबा उघडता उघडता तिने विचारले, ‘‘मग सरळ बेरीज करून निम्मे का नाही करत गं?’’ हसावे की रडावे ते मला कळेना. त्या दिवसापासून मी प्रत्येक उत्तर आधी तिला मराठीत सांगू लागले आणि वहीच्या उजव्या बाजूला ‘का?’ असा रकाना आखला. तो भरता येत नसेल, तर ते उत्तर तुम्हाला येत नाही, हे स्पष्टच सांगते.

‘हमखास विचारले जाणारे दीडशे प्रश्न’ विकणाऱ्या क्लासेसबद्दल माझे मत फारसे बरे नाही, आणि दर आठवड्याला ‘तू होशील गं’ एवढेच म्हणणाऱ्या सीनियरपेक्षा तुमचा कोड वाचून नाक मुरडणारा सीनियर मला कधीही चालेल. रेफरलने, म्हणजे कंपनीतल्या कोणाच्या शिफारशीने, दार उघडते, पण आत बसावे तुम्हालाच लागते. इंग्रजीची मात्र एवढी धास्ती घेऊ नका. अडखळत पण विचार उलगडून सांगणाऱ्याला समोरची व्यक्ती सहसा थांबून ऐकते, गप्प बसलेल्याला मदत करायची तिची इच्छा असली तरी ती करता येत नाही.

नंतरच्या एका मुलाखतीत मला हॅशमॅपमध्ये, म्हणजे नोंदी बकेट नावाच्या कप्प्यांत वाटून ठेवणाऱ्या रचनेत, एकाच बकेटमध्ये पुष्कळ नोंदी आल्या तर काय होईल, असे विचारले गेले. शोध लांबत जाऊन सर्व नोंदी तपासाव्या लागतील, एवढे मी तर्काने सांगितले आणि त्यावर जावाने काय उपाय केला आहे ते मला माहीत नाही, असेही म्हणाले. मुलाखत घेणाऱ्या सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि जावा ८ पासून अशा गर्दीच्या बकेटचे झाड, म्हणजे सर्व नोंदी न तपासता फाट्याफाट्याने शोधता येणारी रचना, बनवले जाते, हे कागदावर काढून दाखवले. मी लगेच विचारले, ‘‘सर, मग सुरुवातीपासूनच झाड का ठेवत नाहीत?’’ पुढची दहा मिनिटे आम्ही त्यावरच बोलत होतो.