फ्लोटच्या दोरीच्या गाठी: माझा अनुभव

ब्रिटिश कोलंबियातील वेडर नदीत स्टीलहेडसाठी (समुद्रात जाऊन नदीत परतणाऱ्या रेनबो ट्राउट माशासाठी) फ्लोट, म्हणजे आमिष पाण्यात तरंगत ठेवणारा तरंगा, सोडताना गळ तळाच्या दगडांत अडकला की दोरी नेमकी स्विव्हलच्या (मुख्य दोरी आणि पुढचा तुकडा जोडणाऱ्या फिरत्या कडीच्या) गाठीपाशी सुटे आणि शिशासह सरकता फ्लोटही हातचा जाई. गुळगुळीत ब्रेडेड (विणलेल्या) दोरीवर नेहमीची, वेढे देऊन बांधायची क्लिंच गाठ घसरते, म्हणून तेथे मी पालोमार गाठ बांधू लागलो. तिच्यात दोरी कडीतून दुहेरी जाते. मुख्य दोरी 30 पौंड ताण सोसणारी आणि फ्लुरोकार्बनचा (पारदर्शक प्लॅस्टिक दोरीचा) लीडर, म्हणजे स्विव्हलपासून गळापर्यंतचा तुकडा, 10 पौंडांचा ठेवल्यामुळे आता तुटला तर लीडरच तुटतो. गळाला मात्र एग लूप ही गाठच हवी: गळाच्या कडीतून लीडर किंचित मागे ढकलून दांड्याजवळ उघडलेल्या फासात सामनची गाभोळी (आमिष म्हणून लावलेली अंडी) घालून लीडर ओढला की ती घट्ट बसते, आणि प्रत्येक गाठ ओली करूनच आवळावी, कारण कोरड्या घर्षणाच्या उष्णतेने फ्लुरोकार्बन कमजोर होतो.