एक्सेलमध्ये ॲडमिशन-डिस्चार्जच्या तारखा उलट्या होणे: थिसिसच्या डेटावर शेवटी काय चाललं

लक्षण असं: डिस्चार्जमधून ॲडमिशनची तारीख वजा केली की काही पेशंटचा मुक्काम मायनसमध्ये, काहींचा शंभरच्या वर आणि काही ठिकाणी नुसतं #व्हॅल्यू! एरर. सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामाने वेगळा केलेला डेटा असलेली साधी टेक्स्ट फाइल) तारखा दिवस-महिना-वर्ष अशा होत्या, कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन, म्हणजे आधी महिना. म्हणजे ०३/०४ ते ०७/०४ हा ४ दिवसांचा मुक्काम एक्सेलने ४ मार्च ते ४ जुलै धरून १२२ केला, आणि १२ च्या पुढच्या तारखा, तेरावा महिना नसल्यामुळे, तारीख न बनता टेक्स्टच (नुसता मजकूर) राहिल्या (त्या सेलमध्ये डावीकडे चिकटलेल्या दिसतात). वैताग होता नुसता.

फॉरमॅट सेल्सने फक्त दिसणं बदलतं, आतली किंमत तीच. डेटा टॅबमधल्या टेक्स्ट टू कॉलम्सने टेक्स्टवाल्या सुधारल्या पण आधीच उलटलेल्या तशाच राहिल्या, आणि हे जास्त धोक्याचं कारण वरवर सगळं बरोबर दिसतं.

चाललं ते हे. मूळ सीएसव्ही डबल क्लिकने उघडायचीच नाही. कोरी एक्सेल फाइल, डेटा टॅब, फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही, फाइल निवडून ट्रान्सफॉर्म डेटा. उजवीकडे अप्लाइड स्टेप्समध्ये चेंज्ड टाइप आपोआप आलेलं असतं, ते आधी डिलीट. मग तारखेच्या कॉलमवर राइट क्लिक, चेंज टाइप, यूझिंग लोकेल, डेट, इंग्लिश (युनायटेड किंगडम), ओके. दुसऱ्या कॉलमलाही तेच, मग क्लोज अँड लोड.

एसपीएसएसमध्ये (आकडेवारीचं विश्लेषण करायचं सॉफ्टवेअर) नेण्याआधी मुक्कामाचा कॉलम सॉर्ट करून दोन्ही टोकं बघा, आणि चार-पाच केसपेपरशी ताडून घ्या.