खिडकी मोठी केली तरी आलेख लहानच: माझा अनुभव

पायक्यूटीच्या (पायथॉनमधून क्यूटी हा खिडक्या बनवण्याचा साधनसंच वापरू देणाऱ्या लायब्ररीच्या) खिडकीत मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या लायब्ररीचा आलेख बसवला होता. खिडकी मोठी केली तरी कॅनव्हास (आलेख ज्यावर रेखाटला जातो तो भाग) कोपऱ्यात तेवढाच राही आणि य-अक्षाचे नाव डावीकडे कापले जाई. फिगसाइझ (आलेखाचे इंचांतले माप) व डीपीआय (दर इंचातले ठिपके) बदलून नुसता वैताग आला, कारण खिडकीतल्या कॅनव्हासचे माप शेवटी क्यूटीच ठरवते. उपाय याच क्रमाने करावा: प्रथम कॅनव्हासची जागा व माप ठरवून टाकणारी सेटजिओमेट्रीची ओळ काढावी, मग ज्या विजेटमध्ये (खिडकीतल्या घटकात) आलेख हवा त्यालाच क्यूव्हीबॉक्सलेआउट, म्हणजे घटक एकाखाली एक लावणारी मांडणी, द्यावा (डिझायनर या खिडकी आखायच्या क्यूटीच्या साधनामध्ये आलेखासाठी सोडलेली रिकामी चौकट बहुधा लेआउटविनाच असते), त्यानंतर ॲडविजेटने कॅनव्हास जोडताना स्ट्रेच (वाढीव जागेतला वाटा) १ द्यावा, नाहीतर त्याच लेआउटमधला टेक्स्टएडिट (मजकूर लिहायची चौकट) वाढीव जागा बळकावतो. कापल्या जाणाऱ्या नावासाठी फिगर (मॅटप्लॉटलिबमधला संपूर्ण आलेख) तयार करतानाच त्याचा स्वतःचा लेआउट 'कन्स्ट्रेन्ड', म्हणजे नावांना जागा आपोआप राखणारा, ठेवावा. त्याऐवजी टाइट-लेआउट हे फंक्शन वापरले की जागेचा हिशेब त्या वेळेपुरताच होतो, कन्स्ट्रेन्ड मात्र आलेख पुन्हा रेखाटताना दर वेळी तो नव्याने करतो.