मेंढ्यांतील विषाणूजन्य रोगांचे निदान : नमुना कोणाचा, केव्हा आणि कसा घ्यावा

कळपात एकाएकी ताप, नाक-डोळ्यांतून स्राव, लंगडणे किंवा अंगावर पुरळ दिसू लागले, की मेंढपाळाला सर्वांत आधी रोगाचे नाव हवे असते. नुसत्या लक्षणांवरून ते सांगणे मात्र जोखमीचे असते. तोंडातील व्रण पीपीआरमध्ये (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) येतात, नीलजिव्हेत (ब्लू टंग) येतात आणि लाळ्या-खुरकुतातही येऊ शकतात. ओठांवरच्या खपल्या मावा रोगाच्या असतील किंवा देवीच्याही असतील. म्हणून लक्षणांवरून संशयाची दिशा ठरवावी, पशुवैद्यकाला बोलवावे आणि शिक्कामोर्तब प्रयोगशाळेवर सोपवावे.

पहिला प्रश्न नमुना कोणत्या मेंढीचा घ्यायचा, हा. बहुतेक वेळा सर्वांत खंगलेली मेंढी पुढे केली जाते आणि नेमकी तीच निवड चुकते, कारण तोवर तिच्या शरीरातील विषाणू ओसरू लागलेला असतो. नुकताच ताप चढलेली चार-पाच जनावरे शोधावीत. मेंढीचे तापमान साधारणपणे ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सियस असते. ते ४० च्या वर गेले, तर संशय घ्यावा. उन्हात चालून आलेल्या, अंगावर दाट लोकर असलेल्या मेंढीचे तापमान तसेही वाढलेले असते, म्हणून कळप चरायला निघण्यापूर्वी सकाळीच मोजणी करावी. थर्मामीटरचे टोक गुदद्वाराच्या आतील भिंतीला टेकले पाहिजे. ते लेंड्यांत रुतले, तर आकडा कमी येतो आणि तापाची मेंढी निरोगी म्हणून सुटते.

संशय कशाचा आहे, त्यावर नमुना ठरतो. पीपीआरसाठी डोळ्यांतील आणि नाकातील स्राव कापसाच्या बोळ्याने घ्यावा. डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून बोळा आतून फिरवावा आणि तो पुरेसा ओला झाल्यावरच विषाणू-वाहक द्रावणाच्या नळीत टाकावा. देवीत शेपटीखाली, काखेत, जांघेत आणि तोंडावर, म्हणजे लोकर विरळ असते तिथे, गाठी लवकर दिसतात. त्या गाठीचा तुकडा किंवा खपली हाच उत्तम नमुना होय. विषाणू वाढवून पाहायचा असेल, तर तो लक्षणे दिसल्यापासून पहिल्या आठवड्यात घ्यावा, कारण पुढे प्रतिपिंडे, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली संरक्षक प्रथिने, आड येतात. विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआर चाचणीला ही अडचण तितकी नसते. माव्यातही खपलीच घेतात, पण हातमोजे घालूनच, कारण हा रोग माणसाच्या बोटांवर उतरतो.

नीलजिव्हेचे गणित वेगळे आहे. क्युलिकॉइडिस जातीच्या चिलटांमुळे पसरणारा हा विषाणू तांबड्या रक्तपेशींना चिकटून राहतो, त्यामुळे ईडीटीए (रक्ताची गुठळी होऊ न देणारे रसायन) असलेल्या नळीतील न साकळलेले रक्त लागते. पेशी वगळून उरलेल्या नुसत्या रक्तजलात तो बहुधा हाती लागत नाही. जीभ निळी पडण्याची वाट पाहू नये, कारण ती खूण थोड्याच मेंढ्यांत दिसते. ताप, सुजलेले तोंड आणि खुराच्या वरच्या कडेला आलेली लाली एवढे पुरेसे आहे.

नमुने बर्फाच्या डब्यात सुमारे ४ अंशांवर ठेवून लवकरात लवकर पाठवावेत. रक्ताची नळी बर्फाला थेट टेकवून रक्ताचा बर्फ होऊ देऊ नये. मेलेल्या मेंढीचे फुफ्फुस, प्लीहा आणि लसिकाग्रंथींचे तुकडेही उपयोगी पडतात, पण त्यांतले फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी असतात. त्यांतून विषाणू वाढवता येत नाही. प्रत्येक नळीवर जनावराचा क्रमांक आणि तारीख असावी, तर सोबतच्या कागदावर वय, तापमान, लसीकरणाची नोंद आणि नवी जनावरे केव्हा आणली, हे लिहावे.

अहवाल वाचताना खरी गफलत प्रतिपिंडांबाबत होते. पीपीआरची प्रतिपिंडे लस टोचलेल्या, बऱ्या झालेल्या किंवा आईचा चीक प्यालेल्या कोकरातही सापडतात, म्हणून ती आजच्या आजाराचा पुरावा ठरत नाहीत. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या जोड-नमुन्यांत त्यांची पातळी चौपट किंवा अधिक वाढली, तर संसर्ग ताजा मानतात. मेडी-विस्ना या फुफ्फुसे व मेंदूला हळूहळू ग्रासणाऱ्या रोगात मात्र उलट आहे: विषाणू जन्मभर शरीरात राहतो, त्यामुळे प्रौढ मेंढीत सापडलेली प्रतिपिंडे हीच संसर्गाची खूण ठरतात. बॉर्डर रोग या गाभण मेंढीतून गर्भाला होणाऱ्या विषाणूजन्य रोगात तर गर्भातच विषाणू स्वीकारून जन्मलेले कोकरू प्रतिपिंडांच्या चाचणीत बहुधा नकारात्मक येते आणि तेच आयुष्यभर विषाणू पसरवत राहते; तिथे विषाणूच शोधावा लागतो. चिकातून आलेली आईची प्रतिपिंडे तो काही आठवडे झाकू शकतात, म्हणून संशय असल्यास चाचणी पुन्हा करावी. नीलजिव्हेत पीसीआर बरे झाल्यावरही कित्येक आठवडे सकारात्मक येऊ शकतो. त्यामुळे त्या मेंढीतून अजून संसर्ग पसरतोच असे म्हणता येत नाही.

अहवाल येईपर्यंत आजारी जनावरे वेगळी ठेवावीत, कळपातून खरेदी-विक्री थांबवावी आणि पीपीआर, देवी किंवा लाळ्या-खुरकुताचा संशय असल्यास पशुसंवर्धन यंत्रणेला तत्काळ कळवावे. अहवाल नकारात्मक आला, पण नव्या मेंढ्यांना ताप येतच राहिला, तर पहिल्या अहवालावर विसंबू नये. त्याच दिवशी ताप चढलेल्या मेंढ्यांचे नमुने पुन्हा पाठवावेत.