नववीला वर्णभेदावरची कादंबरी शिकवायचीय? मग अशी घ्या

"अमेरिकेतलं काळं-गोरं प्रकरण आपल्या पुण्यातल्या पोरांना कशाला?" हा प्रश्न स्टाफरूममध्ये येणारच, तेव्हा उत्तर आधीच तयार ठेवा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापलं ते अर्पण कुणाला केलंय बघा, काळ्या गुलामांना सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. म्हणजे हा विषय दीडशे वर्षांपूर्वीच पुण्यात पोचलाय, तुम्ही बाहेरून नवीन काही आणत नाहीये.

दुसरं कारण जास्त कामाचं. जातीवर डायरेक्ट बोलायला घेतलं की वर्ग एकतर गप्प होतो नाहीतर दोन मिनिटांत आरक्षणावरून भांडण सुरू. कादंबरी जिथं घडते त्या अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या गावाबद्दल मात्र पोरं बिनधास्त बोलतात, कारण तिथं त्यांचं स्वतःचं आडनाव मध्ये येत नाही. ती एकदा बोलायला लागली की पुढचं सोपं जातं.

पुस्तक हार्पर लीचं 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) घ्या. दहावीत घ्यायच्या फंदात पडू नका, क्लास आणि प्रिलिममध्ये सगळं वाहून जातं. सेकंड हँड कॉप्यांसाठी अप्पा बळवंत चौकात चक्कर मारा. मराठी माध्यम असेल तर गोष्ट तुम्ही मराठीत सांगा आणि निवडक पानंच वर्गात वाचा, लायब्ररीचा तास मिळाला तरी भागतं.

सुरू करायच्या आधी पालकांना चिठ्ठी पाठवा. गोष्टीत बलात्काराचा आरोप आहे आणि काळ्यांना दिलेली शिवी सारखी येते, हे त्यांना मुलांकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं. ती शिवी मोठ्याने वाचायची नाही, पण खोडायचीही नाही. २०११ मध्ये मार्क ट्वेनच्या 'हकलबरी फिन' कादंबरीच्या एका आवृत्तीत ती काढून तिथं गुलाम असा शब्द घातला होता, मला नाही पटलं ते. त्या काळी लोक किती सहज बोलायचे हेच तर दाखवायचंय ना.

आता मेन गोष्ट. सगळे अॅटिकसच्या, म्हणजे काळ्या आरोपीची केस लढणाऱ्या गोऱ्या वकिलाच्या, प्रेमात पडतात आणि मग 'महान वकील' असा चार्ट रंगवून भिंतीवर लागतो, झालं शिकवून! तसं होऊ देऊ नका. अॅटिकस केस हरतो. गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप असलेल्या टॉम रॉबिन्सनचा डावा हात लहानपणी कापसाच्या मशीनमध्ये सापडून निकामी झालेला, मार लागलाय त्या मुलीच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा बहुतेक डावखुरा, हे सगळं कोर्टात डोळ्यांसमोर दिसतंय आणि तरी गोऱ्या पुरुषांची ज्युरी त्यालाच दोषी ठरवते. इथं थांबा आणि विचारा, पुरावा इतका सरळ असताना असं का? पोरांना उत्तर शोधू द्या, तुम्ही लगेच सांगू नका. मग लिहायला द्या की हाच खटला टॉमची बायको हेलन कसा सांगेल.

बारावं प्रकरण अजिबात गाळू नका. अॅटिकसच्या घरात स्वयंपाक करणारी काळी कॅल्पर्निया त्याच्या मुलांना आपल्या चर्चला घेऊन जाते आणि गोष्ट सांगणाऱ्या त्याच्या मुलीला, स्काउटला, पहिल्यांदाच कळतं की हिला घराबाहेर स्वतःचं वेगळं आयुष्य आहे. त्यावर एकच प्रश्न द्या: तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी कुठे राहतात, आणि त्यांचा चहाचा कप कुठे ठेवतात? वर्ग शांत होईल. होऊ दे. (एखाद्या पालकाचा फोनही येईल, तयारी ठेवा.)

कादंबरी संपली की लगेच मुक्ता साळवेचा निबंध वाचायला घ्या. फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी, तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेलं १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आलं. टॉमची गोष्ट आपल्याला गोऱ्या वकिलाची मुलगी सांगते, मुक्ता मात्र स्वतःचं स्वतः सांगते आणि चांगलं खडसावून सांगते. हा फरक पोरांच्या चटकन लक्षात येतो, नुसती कादंबरी शिकवून सोडून दिलं तर तो कधीच येत नाही आणि मग वाचून झाल्यावर सगळ्यांना फक्त आपण किती चांगले असं वाटत राहतं.

मार्कांचं म्हणाल तर देऊच नका, दिले की पोरं तुम्हाला आवडेल तेच लिहितात. उत्तरं बिननावाच्या चिठ्ठ्यांवर घ्या. आणि वर्गातल्या कुठल्याही मुलाला उभं करून "तू सांग तुझा अनुभव" असं चुकूनही म्हणायचं नाही, त्याला सांगायचं असेल तर तो चिठ्ठीत लिहील, नसेल तर नाही.